व्यायाम सुरू होतो, पण टिकत का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या एका शाळेत मी तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. निवृत्त झाल्यापासून सकाळी आम्ही काही जण किल्ल्याच्या आणि सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं चालतो, थोडी कवायत करतो, आठवड्यातून दोनदा लेझीम धरतो. गटाला नाव नाही, फी नाही. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात ठरलेले प्रश्न विचारतो. तीच तीच उत्तरं तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढली आहेत.

सर, दर वेळी जोरात सुरू करतो आणि महिन्याभरात सुटतं. माझ्यात जिद्दच कमी आहे का?

नाही. हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा अपराध्यासारखा खाली बघून विचारतो, म्हणून त्याचं उत्तर पहिलं देतो. व्यायाम सुरू करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक सहा महिन्यांच्या आत तो सोडतात, असं या विषयातले अभ्यासक कित्येक वर्षांपासून सांगत आले आहेत. इतक्या लोकांचं एकाच ठिकाणी पाऊल अडखळत असेल, तर दोष पायात नाही, वाटेत आहे.

त्या वाटेबद्दलचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. २००८ साली अमेरिकेत बैठं आयुष्य जगणाऱ्या ३७ प्रौढांना ट्रेडमिलवर मध्यम वेगानं चालवलं आणि चालता चालता विचारलं, 'आत्ता, या क्षणी कसं वाटतंय?' उत्तर उणे पाच ते अधिक पाच या पट्टीवर द्यायचं होतं. पुढे सहा महिन्यांनी आणि वर्षानं हीच माणसं आठवड्याला किती हालचाल करतात ते पाहिलं. पट्टीवर एक अंक वर सांगणारा माणूस सहा महिन्यांनी आठवड्याला सुमारे ३८ मिनिटं जास्त हालचाल करत होता आणि वर्षानं सुमारे ४१ मिनिटं. अभ्यास लहान आहे, तेव्हा मिनिटांना कवटाळून बसू नका. पण त्या दिवशी त्यांना कुणी 'व्यायामाचं महत्त्व पटलंय का' असं विचारलं नव्हतं. फक्त कसं वाटतंय एवढंच विचारलं होतं, आणि वर्षानंतरचा अंदाज त्यातून येत होता. म्हणून मी सगळ्यांना आधी आवड बघा म्हणतो.

आवड, आवड म्हणता, म्हणजे नेमकं काय? व्यायाम हसतखेळत कसा होईल?

हसत व्हायलाच पाहिजे असं नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी नंदीध्वजाच्या काठ्यांचा सराव बघितला असेल तुम्ही. सात नंदीध्वज, प्रत्येक उंच आणि जड, कमरेच्या पट्ट्यावर पेलून तोल सांभाळत चालायचं. गावातल्या अडुसष्ट लिंगांची वाट त्या काठ्यांसोबत चालायची. सराव करणाऱ्या पोराचा चेहरा बघा. कपाळावर घाम, दात आवळलेले, नजर काठीच्या टोकाला. हसत तो नक्कीच नसतो. पण त्याला सरावाला ये म्हणून कुणाला बोलवायला जावं लागत नाही. उलट आपली पाळी कधी येते याची तो वाट बघतो.

मी ज्याला आवड म्हणतो, ती ही. करत असताना शरीराला फार वाईट वाटत नाही, काहीतरी जमत चाललंय हे कळतं, आपली माणसं सोबत असतात, आणि हे मी माझ्या मर्जीनं करतोय असं वाटतं. डेसी आणि रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या विचारात यातल्या शेवटच्या तीन गोष्टी माणसाच्या गरजा म्हणून येतात: स्वतः ठरवणं, जमणं आणि नातं. आमच्या लेझीमच्या पथकात या तिन्ही आपोआप भागतात, म्हणून गणपती जवळ आले की गल्लीतली पोरं दोन-दोन तास घाम गाळतात आणि कुणी त्याला व्यायाम म्हणत नाही.

पण दम लागेपर्यंत केल्याशिवाय फायदा होतो का? मग मजा कसली?

या एका समजुतीपायी जितके लोक मैदानावरून परत गेले, तितके पावसामुळे गेले नसतील.

आमच्याकडे यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ आले होते, पंचेचाळिशीचे. डॉक्टरांनी साखर सांगितलेली. पहिल्याच दिवशी पांढरे नवे बूट घालून ते तरुण पोरांसोबत धावायला लागले. दुसऱ्या फेरीत दिव्याच्या खांबाला धरून उभे राहिले. ओठ कोरडे, चेहरा राखेसारखा, एक हात बरगडीवर. पाणी दिलं, बसवलं, बोलतं केलं. ते म्हणाले, "सर, हे आपल्याला जमंना." मग आठ दिवस आले नाहीत.

शरीरात काय होतं ते सांगतो. हळूहळू वेग वाढवत नेला की एक टप्पा येतो. त्यानंतर श्वास एकदम जोरात चालू लागतो, वाक्य पुरं बोलता येत नाही. या टप्प्याच्या खाली कुणाला बरं वाटतं, कुणाला ठीक वाटतं. टप्पा ओलांडला की जवळपास प्रत्येकाचंच 'कसं वाटतंय' घसरू लागतं. पँटेलीस एक्केकाकिस नावाच्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे अनेक प्रयोगांत दाखवलं आहे. बैठ्या माणसाचा हा टप्पा फार लवकर येतो. सवय असलेल्याला जे चालणं वाटतं, ते त्याला पळणं वाटतं. आणि मेंदू हे लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणात 'आज नको' म्हणणारा आवाज आळसाचा नसतो, कालच्या आठवणीचा असतो.

कसोटी सोपी आहे. चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. हा मध्यम वेग. बोलता येईना झालं की वेग कमी करा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा तोच वेग शरीराला जड जातो, हृदय जास्त धडधडतं. म्हणून उन्हाळ्यात आम्ही साडेपाचला निघतो आणि वेगही उतरवतो. जानेवारीतला वेग मे महिन्यात मागू नका.

ते गृहस्थ नवव्या दिवशी परत आले, कारण मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की धावायचं नाही, माझ्यासोबत गप्पा मारत चालायचं. आता दोन वर्षं झाली. मागाचा आवाज दिवसभर कानात असतो, सकाळी तलावाजवळ शांत वाटतं, असं ते म्हणतात. साखरेचं कारण ते आता क्वचितच काढतात.

तुम्ही शाळेत आम्हाला मैदानाला पाच चकरा मारायला लावायचात. आता मात्र आवडीनं करा म्हणता!

हा प्रश्न एका माजी विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर विचारला. त्याचं वजन तेव्हाही जास्त होतं. उत्तर टाळण्यात अर्थ नाही.

हो, मी लावायचो. उशीर झाला, गणवेश विसरला, रांगेत बोलला, की चकरा किंवा उठाबशा. माझ्या शिक्षकांनी मला तेच केलं होतं आणि मला ते बरोबर वाटायचं. धावण्यासारखी सुंदर गोष्ट मी शिक्षा म्हणून वापरली. ज्या मुलाला धावणं आधीच जड जात होतं, त्यालाच बहुतेक वेळा शिक्षा झाली, आणि बाकीचा वर्ग ओट्यावर बसून बघत हसायचा. ते हसणं मी थांबवलं नाही.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली हजाराहून जास्त प्रौढांना शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या आठवणी विचारल्या. ज्यांच्या आठवणी कडू होत्या, त्यांचा व्यायामाकडे बघण्याचा कल मोठेपणीही तसाच निघाला आणि बसून राहण्याकडे ओढा जास्त दिसला. अपमान झाला, संघ निवडताना शेवटी उरलो, अशा साध्या आठवणी होत्या त्या. वाचून मला माझा वर्ग दिसला.

त्या विद्यार्थ्याची मी माफी मागितली. तो सध्या आठवड्यातून तीन दिवस येतो, धावत नाही, बॅडमिंटन खेळतो. तुम्ही शिक्षक असाल किंवा पालक असाल, तर एवढं करा: कुठलीही हालचाल शिक्षा म्हणून देऊ नका. दुसरी हवी ती शिक्षा शोधा.

म्हणजे शिस्तीला काही किंमत नाही का?

आहे. सुरुवातीला तर आहेच. २०१२ मध्ये ६६ अभ्यास एकत्र तपासून एक आढावा निघाला. त्यात दिसलं की 'हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे' ही जाणीव व्यायाम सुरू करायला चांगली मदत करते, आणि लांब पल्ल्यात टिकून राहायला आतून येणारी गोडी जास्त कामाची ठरते. शिस्त माणसाला दारापर्यंत आणते. पण लोकलाजेनं, बायकोच्या बोलण्यानं, डॉक्टरांच्या धाकानं चाललेला व्यायाम धाक सरला की सरतो. रिपोर्ट नॉर्मल आला आणि माणूस दिसेनासा झाला, हे मी कितीदा बघितलंय.

दिवसभर विड्या वळते, पाठ मोडून येते. वरून व्यायाम कशाला?

हा प्रश्न शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या ताईंचा आहे आणि तो सगळ्यात खरा आहे. मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू, मान खाली, बोटं सतत चालू. तासन् तास. अशा बाईला 'वजन कमी करा, चाला' म्हणणं म्हणजे तिच्या कष्टाचा अपमान वाटतो, आणि तसा तो आहेही.

तुमच्या शरीराला आणखी कष्ट नकोत, वेगळी हालचाल हवी. मान सैल सोडणं, खांदे फिरवणं, पाठ ताणणं, पाय मोकळे करणं. पहिल्याच दिवशी ज्यानं बरं वाटतं ते करा, बाकी राहू द्या.

आमच्या गटात अशा सात-आठ जणी आहेत. सुरुवातीला त्या रांगेत उभ्या राहायच्या, मी सांगेन ते हात वर हात खाली करायच्या आणि घड्याळ बघायच्या. एका श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, त्यातल्या एकीनं पदर खोचला, दुसरीचे हात धरले आणि फुगडी घातली. चपला बाजूला उडाल्या. मग तिसरी आली, चौथी आली. अर्धा तास झिम्मा-फुगडी चालली, एक तेलुगू गाणं झालं, एक मराठी. साठीच्या एका मावशी घाम पुसत म्हणाल्या, "पंधरा वर्षांनी घातली बघा." दम त्यांनाही चांगलाच लागला होता, मी आधी सांगितलेला टप्पा केव्हाच ओलांडला होता. पण तो त्यांनी स्वतः ओलांडला होता, आपल्या खेळात, आणि हवं तेव्हा थांबायची मुभा होती. सक्तीचा दम आणि खेळातला दम शरीराला सारखा वाटत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. आता शनिवार त्यांचा. मी फक्त बघतो.

कोजागिरीला तुळजापूरला चालत जातो, पंचेचाळीस किलोमीटर. मग रोज दोन किलोमीटरचा कंटाळा का येतो?

कारण त्या रात्री तुमच्यासोबत लाखभर माणसं असतात. रस्ता गाड्यांना बंद, वर चांदणं, जागोजागी कुणीतरी चहा-केळी हातात देतं, आणि पुढे आई भवानी आहे. रोजच्या दोन किलोमीटरला यातलं काहीच नसतं, नुसता रस्ता असतो. सगळं आणता येणार नाही, पण सोबत आणता येते. एक माणूस पुरे. वाट आवडीची निवडता येते.

दुसरी बाजूही सांगतो. सराव न करता जाणारे पायाला फोड घेऊन परत येतात आणि पुढे महिनाभर चालण्याचं नाव काढत नाहीत. शेवट कसा झाला हे आठवणीत फार राहतं. २०१६ मध्ये एका प्रयोगात काही जणांचा व्यायाम हळूहळू चढत नेला आणि काहींचा जड भाग सुरुवातीला घेऊन पुढे उतरत नेला. उतरत नेलेल्यांना तो जास्त सुखाचा वाटला, नंतर आठवतानाही. म्हणून आमच्याकडे अंग गरम झाल्यावर जड कवायत आधी होते आणि शेवट तलावाकडेनं रमत चालण्यानं होतो. शेवटची फेरी जोरात मारायची जुनी रीत आम्ही बंद केली.

पाण्याच्या दिवशी खाडा होतो. एकदा खाडा झाला की सुटतंच.

सोलापूरकरांची ही खरी अडचण आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी घर सोडता येत नाही, बायकांना तर नाहीच. पाण्याचा दिवस व्यायामाच्या हिशेबात धरूच नका. तो खाडा नाही, सुट्टी आहे.

आणि सुटल्यावर परत येणं हेच शिकण्यासारखं आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत जिमच्या साठ हजारांहून जास्त सभासदांवर एकाच वेळी ५४ युक्त्या करून पाहिल्या. सगळ्यात पुढे राहिलेल्या युक्तीत, चुकलेल्या दिवसानंतर परत येणाऱ्याला अगदी किरकोळ जास्तीचं बक्षीस मिळायचं. आमच्याकडे बक्षीस नाही, पण चार दिवसांनी आलेल्याला 'कुठं होता बे इतके दिवस' असं कुणी टोचून विचारत नाही. 'या' म्हणतात, आणि त्या दिवशी चहा दुसरा कुणीतरी पाजतो.

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात ना?

एकवीसचा आकडा विसरा. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात गोष्ट अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, मधला आकडा ६६. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं.

मोबाईलवर पावलं मोजावीत का?

मोजल्यानं बरं वाटत असेल तर मोजा. पण २०१६ मध्ये छापलेल्या काही प्रयोगांत असं दिसलं की पावलं मोजणारे चालले जास्त, पण चालण्याचा आनंद मात्र कमी झाला, कारण फिरणं कामासारखं वाटू लागलं. रात्री दहा हजार भरायला हॉलमध्ये येरझाऱ्या घालणारे माझे एक मित्र आहेत. त्यांना मी आठवड्यातले दोन दिवस फोन घरी ठेवायला लावलं, आणि त्या दोन दिवसांत ते मला झाडांवरचे पक्षी दाखवतात.

गाणी ऐकत केलं तर?

जरूर. हलक्या आणि मध्यम व्यायामात संगीतानं थकवा कमी जाणवतो, हे बऱ्याच अभ्यासांत आलंय. वेग फार वाढला की मात्र शरीराचा आवाज गाण्यापेक्षा मोठा होतो. लेझीमला हलगी का लागते, याचं उत्तर आपल्या लोकांना आधीपासून माहीत होतं. आवडती गोष्ट फक्त चालतानाच ऐकायची, असं ठरवूनही काही जणांना फायदा होतो, पण मोठी सुट्टी मध्ये आली की तो उतरतो. रस्त्यावर चालत असाल तर एक कान मोकळा ठेवा. विजापूर रोडवर दोन्ही कानात बोळे घालून चालणं मला मंजूर नाही.

किती करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नाहीत. पण नव्या माणसाला मी हे आकडे पहिल्या महिन्यात सांगत नाही. दहा मिनिटं आवडली तर वीस होतात. छातीत दुखणं, चक्कर, हृदयाचा आजार, इन्सुलिन चालू असणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मला काहीच आवडत नाही. खरंच काहीच नाही.

असं म्हणणाऱ्याला मी एक खटपट करायला लावतो. निघण्याआधी कागदावर लिहायचं, 'आज किती बरं वाटेल', दहापैकी. आल्यावर पुन्हा लिहायचं, किती वाटलं. माणूस आधी कमी लिहितो आणि नंतर जास्त. २०११ मध्ये यावर अभ्यास झालाय: व्यायाम किती आवडेल याचा अंदाज लोक नेहमी कमी बांधतात, कारण डोळ्यांसमोर सुरुवातीची नकोशी पाच मिनिटं असतात. ती पाच मिनिटं अंथरुण सोडण्याची, बुटाची लेस बांधण्याची, जिना उतरण्याची.

दोन आठवडे लिहूनही आकडा वर गेला नाही, तर चालणं तुमचं नाही. पोहून बघा, सायकल काढा, योगासनं करा, नातवाबरोबर क्रिकेट खेळा. एक काका सगळं करून कंटाळले आणि शेवटी मित्राच्या मळ्यात जाऊन खुरपायला लागले. ज्वारीच्या दिवसांत हुरडाही मिळतो. त्यांचा व्यायाम तीन वर्षं चालू आहे.

उद्यापासून येतो. पहिल्या दिवशी काय करू?

जुने असले तरी पायाला सवयीचे बूट घाला. साडी असेल तर साडी चालते. रिकाम्या पोटी जमत नसेल तर मूठभर शेंगा-गूळ खाऊन या, पाण्याची बाटली आणा. दोन फेऱ्या चालायची ताकद असेल तर एकच चाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्हाला कोण सोबत आवडलं ते बघा आणि त्याच्या शेजारी चाला. 'अजून एक फेरी झाली असती' असं वाटत असतानाच थांबा, आणि आमच्यासोबत चहाला या.